स्टीमवर अनोळखी माणसाने विशलिस्टमधला गेम गिफ्ट केलाय, परत काय देऊ? (बजेट ५००)

ऐरोलीची_मनी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.
शिफ्ट नसली की मी रात्री स्टीमवर (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) डीप रॉक गॅलॅक्टिक खेळते. चार बुटके खाणीत उतरतात, किडे मारतात, खनिज गोळा करून पळत यानाकडे यायचं, तो गेम. दीडेक महिन्यापूर्वी असंच कोणाच्या तरी लॉबीत घुसले होते. यान सुटायला अर्धं मिनिट, दोघं आत जाऊन बसलेले आणि तिसरा दारापासून वीस पावलांवर आडवा. मी परत गेले, त्याला उठवलं, दोघं कसेबसे आत शिरलो. तो पोलंडचा निघाला. मग फ्रेंड लिस्टमध्ये आला, आठवड्यातून एक-दोनदा खेळतो. बोलणं म्हणजे "चल", "मागे बघ", "गुड नाइट", बस.
काल लॉगिन केलं तर गिफ्ट. आउटर वाइल्ड्स, अंतराळात फिरायचा गेम, जो माझ्या विशलिस्टमध्ये (हवे असलेल्या गेमच्या यादीत) दोन वर्षं पडून आहे. सोबत एकच ओळ, "त्या दिवशी मागे फिरल्याबद्दल."
अजून अॅक्सेप्ट केलेलं नाही. आईला सांगितलं तर म्हणे, शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत केलीय का, चिमूटभर साखर तरी घालतोच ना. तर आता तुम्हीच सांगा, घेऊ का, आणि घेतलं तर परत काय देऊ. बजेट ५०० रुपये, त्यावर एक रुपया नाही, ह्याच महिन्यात गीझर बदललाय.

कोपरी_कट्टा
ताई काहीही क्लिक करू नका!! मी २०२१ मध्ये भोगलंय. फ्रेंड लिस्टमधल्याच एकाने मेसेज टाकला, आमच्या टीमला व्होट कर, गिफ्ट मिळेल. लिंक उघडली, हुबेहूब स्टीमचं लॉगिन पान, पासवर्ड टाकला, मोबाइलवरचा कोडपण टाकला आणि चहा घेऊन येईपर्यंत काउंटर स्ट्राइक गेममधले सगळे स्किन (बंदुकांची सजावट) गायब. चार वर्षं जमवलेले. बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.

घोडबंदर_ग्रस्त
५०० मध्ये काय येतं हो. दोन-अडीच हजारांचा एखादा नवा गेम द्या, भारताची इज्जत आहे. मी मेव्हण्याला स्टीम डेक (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) दिला होता, तोही अमेरिकेहून मागवून कारण इकडे अधिकृत मिळतच नाही. तो त्यावर सॉलिटेअर खेळतो ही गोष्ट वेगळी.

ऐरोलीची_मनी
@कोपरी_कट्टा लिंक नाहीये, स्टीमच्या अॅपमध्येच नोटिफिकेशन आलंय, अॅक्सेप्ट आणि डिक्लाइन अशी दोन बटणं आहेत.
@घोडबंदर_ग्रस्त बजेट वाचलंत का?

नेरूळ_जुना_खेळाडू
आमच्या वेळी सायबर कॅफेत तासाला २० रुपये देऊन सीएस १.६ (काउंटर स्ट्राइक) खेळायचो, शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखीच असायचा, तो उठताना उरलेली १० मिनिटं आपल्याला देऊन जायचा. ते खरं गिफ्टिंग. आता विशलिस्ट काय, नोटिफिकेशन काय. आणि मुळात गेमला पैसे देतात लोक?

वाशी_टू_ठाणे_लोकल
ज्याला माहीत आहे त्याने बोलावं म्हणून लिहितोय. स्टीमवर गिफ्ट पाठवायचं तर समोरचा फ्रेंड लिस्टमध्ये असावाच लागतो. पूर्वी गिफ्टची कॉपी विकत घेऊन आपल्या इन्व्हेंटरीत ठेवता यायची, ईमेलवरही पाठवता यायची, ते २०१७ मध्ये बंद झालं. आता थेट त्याच्या अकाउंटला जातं, त्याने नाकारलं तर पाठवणाऱ्याला पैसे परत. त्यामुळे अॅपमध्ये दिसतंय म्हणजे गिफ्ट खरं आहे.
पण परतफेडीत गोची आहे. आपल्याकडे बऱ्याच गेमची किंमत युरोपपेक्षा बरीच कमी असते. तुम्ही इथून रुपयात घेऊन पोलंडला पाठवायला गेलात तर किमतीत जास्त फरक असलेला गेम स्टीम पाठवूच देत नाही. महागाकडून स्वस्ताकडे येतं, स्वस्ताकडून महागाकडे अडतं. मी बर्लिनमधल्या चुलतभावाला दिवाळीत पाठवायला गेलो तेव्हा तीन गेम ट्राय केले, तिन्ही अडकले, शेवटी त्यालाच म्हटलं तू मला पाठव.

कोपरी_कट्टा
मी तेच म्हणतोय, लिंक उघडू नका.

खारघर_टेकडी
आउटर वाइल्ड्स!!! ताई नशीबवान आहात. फक्त एक करा, त्या गेमबद्दल काहीही सर्च करू नका, यूट्यूबवर तर अजिबात नाही. त्यात शिकलेली गोष्ट हीच चावी आहे, बंदूक-तलवार काही नाही. दर २२ मिनिटांनी सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि

नौपाडा_नाका
अरे काहीही सर्च करू नका म्हणतोस आणि तूच सांगत बसलायस

खारघर_टेकडी
२२ मिनिटांचं तर पहिल्या अर्ध्या तासात कळतंच की

नौपाडा_नाका
मला नव्हतं कळलं. मी एक तास चंद्रावर फिरत होतो.

सीए_पाचपाखाडी
कायद्याची बाजू कोणी बघितली का? नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर रक्कम भेट मिळाली तर ती करपात्र उत्पन्नात येते. लग्नात मिळालेल्या भेटी सोडून.

ऐरोलीची_मनी
सर, एक गेम आहे.

सीए_पाचपाखाडी
सवय वाईट असते.

सीवूड्स_संध्या
मी अशा गिफ्ट देणाऱ्यांतली आहे, म्हणून दुसऱ्या टोकाकडून सांगते. रेडिटवर लोक आपल्याकडचे जास्तीचे गेम अनोळखी माणसांना वाटतात असे ग्रुप आहेत, स्टीमगिफ्ट्स नावाची साइट आहे, तिथे लॉटरीसारखं असतं, नाव नोंदवायचं आणि लागलं तर लागलं. मला एकाने डिसेंबरच्या सेलमध्ये असाच गेम दिला होता, तेव्हापासून मी दर विंटर सेलला कोणाची तरी विशलिस्ट उघडते. सगळ्यात वरचा गेम देत नाही, तो माणूस स्वतः घेणारच असतो. खाली, चाळीस-पन्नास नंबरवर, दोन-तीन वर्षांपूर्वी टाकून विसरलेला असतो ना, तो द्यायचा. ज्याला मिळतो त्याला आधी आठवतच नाही की आपण हा कधी मागितला होता.
परतफेडीची अपेक्षा कोणी करत नाही. उलट लगेच काहीतरी परत आलं की मला ओशाळल्यासारखं होतं. गेम खेळा आणि त्याला सांगा कुठे अडकलात.

घणसोली_घारू
माझ्या विशलिस्टमध्ये ४१२ गेम आहेत, आजवर एकाही अनोळखी माणसाने काही दिलेलं नाही. मी तर ती फक्त स्वस्त झाल्यावर मेल यावा म्हणून ठेवतो, २० टक्के किंवा जास्त सूट लागली की मेल येतो. सेल लागला की इनबॉक्सचा कचरा होतो.

नौपाडा_नाका
प्रोफाइल प्रायव्हेट असेल तुमचं. सेटिंगमध्ये गेम डिटेल्स पब्लिक नसेल तर विशलिस्ट अनोळखी माणसाला दिसत नाही. देवळाचं दार बंद करून दानपेटी आत ठेवलीय.

घणसोली_घारू
अरेच्चा. हो, प्रायव्हेटच आहे. २०१९ पासून.

मुलुंड_चेकनाका
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगी आहे म्हणून गिफ्ट आलं. आम्हाला कोण देतंय.

ऐरोलीची_मनी
माझं नाव तिकडे "कांदाभजी" आहे, फोटो आमच्या सोसायटीतल्या बोक्याचा. माइक मी लावत नाही. त्याला मी पुरुष, बाई की भजी हे काहीही माहीत नाही.

सीवूड्स_संध्या
@मुलुंड_चेकनाका तुम्ही कोणाला कधी दिलंय का आधी ते सांगा.

मुलुंड_चेकनाका
मी जनरल बोललो.

रबाळे_रात्रपाळी
एक धोका कोणी सांगितला नाही. चोरीच्या कार्डवर घेतलेले गेम गिफ्ट म्हणून फिरवतात. कार्डवाल्याने बँकेत तक्रार केली की पेमेंट उलटतं आणि गेम तुमच्या लायब्ररीतून जातो. मला एका साइटवर, नाव घेत नाही, अर्ध्या किमतीत "गिफ्ट" मिळाला होता, तिसऱ्या आठवड्यात गेला, आणि साइटवाला म्हणतो आमची जबाबदारी नाही. पण तुमच्या केसमध्ये दीड महिना सोबत खेळलेला माणूस आहे, विकत काही घेतलेलं नाही, तर मला तरी भीती वाटत नाही. पैसे गेलेच कोणाचे तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, लाज वाटून चार दिवस थांबू नका.

कोपरी_कट्टा
तेव्हा कुठे फोन करायचा हे मला माहीत नव्हतं. लिंक उघडू नका.

वाशी_टू_ठाणे_लोकल
@ऐरोलीची_मनी गेम जात नसेल तर डिजिटल गिफ्ट कार्ड. फ्रेंड होऊन तीन दिवस झाले असले की पाठवता येतं, तुमचे रुपये त्याच्या चलनात बदलून वॉलेटमध्ये जमा. सगळ्यात लहान कार्ड बघा, बजेटमध्ये बसेल. आणि गेम आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर रिफंड तुम्ही स्वतः टाकू शकता, पैसे मात्र त्याला जातील, तुम्हाला नाही.

घोडबंदर_ग्रस्त
गिफ्ट कार्ड म्हणजे लग्नात पाकीट दिल्यासारखं. स्टीम डेक द्या.

नेरूळ_जुना_खेळाडू
लग्नात पाकीटच बरं असतं. आमच्या लग्नात सात भिंतीवरची घड्याळं आली होती.

खारघर_टेकडी
गिफ्ट कार्डला +१. गेम कुठपर्यंत आला ताई?

ऐरोलीची_मनी
अॅक्सेप्ट केला. त्याला थँक यू लिहिलं. त्याने बुटक्याचा बिअर पिताना फोटो टाकला. चंद्रावर एक तास मीसुद्धा फिरले @नौपाडा_नाका.
गिफ्ट कार्ड आईला समजावून सांगितलं. म्हणाली म्हणजे वाटीत साखरेऐवजी पैसे घालून देणार? शेजारीण वाटी तोंडावर मारेल.

सीवूड्स_संध्या
आईंचं बरोबर आहे. काहीच देऊ नका. पुढच्या वेळी तो पडला की उठवा.

ऐरोलीची_मनी
(अकरा दिवसांनी) अपडेट मागितलं होतं म्हणून लिहितेय, ओरडू नका.
त्याला विचारलं की कागदाचं काहीतरी पोस्टाने पाठवलं तर चालेल का. तो म्हणाला घरचा पत्ता देणार नाही, सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो तिथला घे. मला ते उलट बरं वाटलं.
आई क्रोशाचे रुमाल विणते, टीव्हीखाली, फ्रीजवर, मिक्सरवर, आमच्या घरात उघडी जागा शिल्लक नाही. तिने एक नवा केला, चहाच्या बशीएवढा, कडेने मोर. दुपारी पोस्टात गेलो. कस्टमच्या फॉर्मवर आत काय आहे आणि किंमत किती ते लिहायचं असतं. मी लिहिलं, हाताने विणलेला रुमाल, १०० रुपये. आई मागून बघत होती. "शंभर? आठ दिवस गेलेत माझे." काउंटरच्या बाई म्हणाल्या, मावशी, जास्त लिहिलं तर तिकडे ड्युटी लागली तर त्याला पडेल. आई म्हणाली पडू दे, पण शंभर नको. शेवटी अडीचशेवर मिटलं. पोस्टाचा खर्च धरून ५०० च्या बराच वर गेलं, आकडा सांगत नाही.

रबाळे_रात्रपाळी
पाठवणाऱ्याचा पत्ता घरचा लिहिला का? नसेल ना?

ऐरोलीची_मनी
ऑफिसचा.

घोडबंदर_ग्रस्त
बजेट बजेट करत होतात.

वाशी_टू_ठाणे_लोकल
गिफ्ट कार्ड दोन मिनिटांत गेलं असतं.

खारघर_टेकडी
बरं झालं तिळाचे लाडू वगैरे नाही पाठवले, तुपाचे असतील तर युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. आमच्या आत्याचे विमानतळावर काढून घेतले होते.

घणसोली_घारू
मी प्रोफाइल पब्लिक केलं. अकरा दिवस झाले. अजून काही आलेलं नाही, एकाने फक्त मेसेज केला, टीमला व्होट कर म्हणून.

कोपरी_कट्टा
उघडू नका!!!!