मदत हवी आहे: आईचं कुलर भरणं नाचात आणायचंय, पण माइम होऊन राहिलं

नमस्कार. मी नागपूरची, बीकॉम सेकंड इयरला आहे. सहा वर्षं भरतनाट्यम शिकले आणि गॅदरिंगला दोन-तीन ग्रुप डान्स बसवलेत, म्हणजे गाणं लावायचं, आठ काउंट मोजायचे आणि स्टेप टाकायच्या, तेवढं येतं. आता पहिल्यांदाच कंटेम्पररीचं वर्कशॉप केलं आणि तिथे सांगितलं की प्रत्येकाने तीन मिनिटांचा सोलो स्वतः रचून आणायचा, कोणाची कॉपी नको आणि गाण्याच्या शब्दांवर अभिनय नको. पंधरा दिवसांनी दाखवायचाय.

मी विषय घेतला आईचं कुलर भरणं. इथल्या लोकांना सांगायला नको, मे महिन्यात पारा 45 ला टेकला की कुलर रिकामा ठेवून चालतच नाही, आमचा कुलर मागच्या खिडकीत आहे आणि तिथे पाइप पोचत नाही म्हणून आई बादलीनेच भरते. दोन दिवस मी नुसती बघत बसले. उचलायच्या आधी ती डावा पाय थोडा मागे टाकते, बादली मांडीवर टेकवून गुडघ्याने वर ढकलते, ओतताना शिंतोडे उडतात म्हणून मान दुसरीकडे वळवते, आणि बादली खाली ठेवली की ओला तळवा मानेवर ठेवून जरा थांबते. ते थांबणं मला इतकं सुंदर वाटतं ना, की त्याच्यासाठीच हे सगळं चाललंय.

पण मी करायला लागले की मैत्रीण म्हणते, अगं हा तर मुकाभिनय झाला, बादली दिसते पण नाच कुठेय? आणि बदलायला गेले की आपोआप अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ स्टेप्स, येतात, पाठ सरळ, हात रेषेत, मग त्यात आई उरतच नाही. मधला रस्ता कसा काढतात? आणि म्युझिक आधी शोधायचं की नंतर? प्रॅक्टिस गच्चीवर करते, सकाळी साडेपाचला, कारण आठनंतर फरशीवर पाय ठेववत नाही.

प्रतिसाद

विषय बदलू नको, फार छान पकडलायस. माइम होतंय ते मुठीमुळे. कडी धरल्याचं दाखवलंस की बघणारा बादली शोधत बसतो. खरी भरलेली बादली दहा वेळा उचल, खाली ठेव, आणि लगेच, अंगात ते ओझं असतानाच, रिकाम्या उघड्या हातांनी तेच कर. बादली गेली तरी वजन राहिलं पाहिजे, खांद्यात, कमरेत, मागच्या पायात. नृत्य-अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीकडे बघायच्या चार बाजू सांगितल्यात, वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह. तू एका वेळी एकच बदल. तेच उचलणं खूप सावकाश, मग एका झटक्यात, मग जमिनीवर पडून, मग पाठमोरी. प्रत्येकाचा मोबाइलवर व्हिडिओ काढ, नाहीतर उद्या विसरशील.

अडवूंशी भांडू नको. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्यात, तुझं वजन आधीच खाली असतं, ते इथे कामाचंच आहे. नृत्यदिग्दर्शिका चंद्रलेखा यांनी 1985 च्या 'अंगिका'त भरतनाट्यम, योग आणि कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला एकत्र आणले, तर तुला सहा वर्षांचं शिक्षण पुसायची काय गरज?

रचनेसाठी एक सोपी युक्ती. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका ट्रिशा ब्राउन यांच्या 1971 च्या 'अॅक्युम्युलेशन' या नाचामध्ये एक हालचाल, मग एक-दोन, मग एक-दोन-तीन, अशी भर पडत जाते. तू मानेवरच्या तळव्यापासून सुरू कर. तो शेवटासाठी राखून ठेवशील तर सगळ्यांना आधीच कळेल की आता तो येणार. आणि म्युझिक नंतर. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम नाणं उडवून हालचालींचा क्रम ठरवायचे आणि संगीतकार जॉन केज यांचं संगीत वेगळं तयार व्हायचं, दोन्ही रंगमंचावरच भेटायचे. आठ काउंटची सवय मोडायला हा चांगला उपाय आहे.

मूळ प्रश्नकर्ती

ताई, खूप खूप आभार! काल आणि आज दोन्ही दिवस केलं. मुठी उघडल्यावर पहिल्यांदा हातांचं काय करायचं तेच कळेना, पण पाचव्या-सहाव्या वेळी खांदा आपोआप खाली गेला. तळवा आधी घेतल्याने त्याचा अर्थच बदलला, आधी वाटतं मान दुखतेय, मग उचलणं आलं की कळतं का दुखतेय. आज मी हे करत असताना आई कुरडया वाळत घालायला गच्चीवर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "काऊन गं, कंबर भरून आली का तुझी?" मी तिला विषय सांगितलेलाच नाही अजून.

आता एकच अडलंय. जमिनीवर पडून उचलण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो, पण तिथून परत उभं राहताना दर वेळी मी हात टेकते आणि सगळं वजन तिथेच सांडतं. हात न टेकता, घाई न दिसता कसं उठायचं? कोणाला जमत असेल तर पाय आधी कुठे घ्यायचा तेवढं लिहा.