शब्दचर्चा: ‘वेन्ट’ की ‘गॉन’? क्रियापदाचं दुसरं आणि तिसरं रूप

प्रश्न

गो-वेन्ट-गॉन, सी-सॉ-सीन, राइट-रोट-रिटन हा तक्ता शाळेपासून तोंडपाठ आहे. गाडी अडते ती वाक्य करताना. ‘तिने पत्र लिहिलं’ आणि ‘तिने पत्र लिहिलं आहे’, दोन्हीकडे मराठीत ‘लिहिलं’च येतं. मग इंग्रजीत एकदा ‘रोट’ आणि एकदा ‘रिटन’ का? दोन्ही भूतकाळच ना? शिवाय ‘वर्क्ड’, ‘प्लेड’ अशा क्रियापदांत दुसरं आणि तिसरं रूप एकच असतं. तिथे वाक्यात नेमकं कोणतं रूप आहे हे ओळखायचं कसं? जाणकारांनी सांगावं.

उत्तर

‘दोन्ही भूतकाळच’ हा समज आधी सोडू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘रोट’ हा भूतकाळ आहे. ‘रिटन’ला स्वतःचा काळच नाही. ‘द लेटर विल बी रिटन टुमॉरो’ हे वाक्य पाहा. गोष्ट उद्याची आहे आणि तरीही रूप ‘रिटन’. काळ सांगायचं काम ‘विल’ करतंय. ‘रिटन’ एवढंच सांगतं की पत्राच्या बाबतीत लिहिण्याची क्रिया पुरी झालेली असेल. तिसऱ्या रूपाच्या ‘पास्ट पार्टिसिपल’ या इंग्रजी नावातच ‘पास्ट’ शब्द आहे, त्यामुळे ते रूप भूतकाळाचं आहे असं वाटत राहतं. मला ते नाव दिशाभूल करणारं वाटतं. शिकवताना नुसतं ‘तिसरं रूप’ म्हटलेलं बरं. आपल्या व्याकरणाच्या भाषेत ते धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून बनलेलं पण विशेषणाच्या जातीचं.

यातून कामाचा फरक निघतो. दुसरं रूप वाक्यात एकटं उभं राहतं. ‘शी रोट द लेटर’, ‘दे वेन्ट होम’. काळ त्याच्या पोटातच असतो, म्हणून त्याला सहायक क्रियापद लागत नाही आणि चालतही नाही. तिसरं रूप वाक्याचं मुख्य क्रियापद म्हणून एकटं येत नाही. त्याच्या अलीकडे ‘हॅव’चं किंवा ‘बी’चं कुठलं तरी रूप हवं: ‘शी हॅज रिटन’, ‘इट वॉज रिटन’. नाहीतर ते विशेषणासारखं नामाला चिकटतं: ‘अ रिटन रिप्लाय’, ‘द ब्रोकन चेअर’. ‘आय सीन इट’ असं काही इंग्रजी बोलींमध्ये ऐकू येतं, पण प्रमाण लेखनात ते चूकच धरतात.

आता मराठीकडे येऊ, कारण किल्ली आपल्याच भाषेत आहे. ‘-ला’ आणि ‘-लेला’ ही आपली दोन रूपं आठवा. ‘पत्र लिहिलं’ हे वाक्य झालं, ‘लिहिलेलं पत्र’ हे वाक्य नाही. ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो, लिहिलेलं पत्र काय? हरवलं? सापडलं? नेमका हाच फरक ‘रोट’ आणि ‘रिटन’मध्ये आहे. मग मराठी वाक्यातल्या ‘-ला’च्या जागी ‘-लेला’ घालून पाहायचं. ‘तिने पत्र लिहिलं आहे’ याचं ‘तिने पत्र लिहिलेलं आहे’ होतं, अर्थ फारसा बिघडत नाही. म्हणजे इंग्रजीत तिसरं रूप. ‘तिने काल पत्र लिहिलं’ याचं ‘तिने काल पत्र लिहिलेलं’ केलं की वाक्य लटकतं, शेवटी ‘होतं’ किंवा ‘आहे’ मागतं. म्हणजे दुसरं रूप.

नकारात तर ही कसोटी फारच नेमकी चालते. ‘तो गेला नाही’ म्हणजे ‘ही डिड नॉट गो’. ‘तो गेलेला नाही’ म्हणजे ‘ही हॅज नॉट गॉन’. दोन्ही वाक्यं मराठी माणूस रोज बोलतो आणि त्यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही. फक्त तो फरक इंग्रजीत कुठे नेऊन ठेवायचा, हे कुणी दाखवलेलं नसतं.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. ‘पत्र लिहिलं गेलं’ इथे ‘लिहिलेलं गेलं’ होत नाही, तरी इंग्रजीत ‘वॉज रिटन’, म्हणजे तिसरंच रूप. तेव्हा ‘-ला’च्या पुढे काय आहे तेही बघावं. पुढे ‘असणे’चं रूप असलं (आहे, असेल, असता) किंवा कर्मणी प्रयोगातलं ‘जाणे’ असलं की तिसरं रूप: ‘गेला असेल’ म्हणजे ‘मस्ट हॅव गॉन’, ‘गेला असता’ म्हणजे ‘वुड हॅव गॉन’. पुढे काहीच नसलं तर दुसरं.

मराठीत दोन्हीकडे ‘लिहिलं’ का येतं, यालाही कारण आहे. संस्कृतात ‘गत’, ‘कृत’, ‘लिखित’ ही क्त-प्रत्ययाची धातुसाधितं होती. प्राकृतात त्यांना ‘इल्ल’ जोडला गेला आणि त्यातून आपला ‘-ला’ आला. म्हणजे मराठीचा भूतकाळ मुळात धातुसाधितापासूनच घडला. म्हणून तर ‘मी पत्र लिहिलं’ आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ असं क्रियापद कर्माप्रमाणे लिंग बदलतं, विशेषण बदलावं तसं. इंग्रजीत ‘रोट’ आणि ‘रिटन’ ही पहिल्यापासून दोन वेगळी रूपं. आपल्याकडे एकाच रूपाने दोन्ही कामं उचलली, म्हणून आपली गल्लत होते. यात कुणाची बुद्धी कमी पडत नाही.

पुरवणी प्रश्न

‘काल मी त्यांना भेटलो होतो’ याचं मी ‘आय हॅड मेट देम येस्टरडे’ असं करतो. ‘होतो’ म्हणजे ‘हॅड’, पुढे तिसरं रूप. नियम तर पाळला, तरी चूक दाखवतात.

उत्तर

रूप बरोबर आहे, काळ चुकलाय. ‘हॅड’च्या पुढे ‘मेट’ आलं ते योग्यच, पण इथे ‘हॅड’ मुळात नको होतं. नुसतं ‘आय मेट देम येस्टरडे’ म्हणा.

मराठीत ‘गेलो होतो’, ‘भेटलो होतो’ हे आपण सर्रास बोलतो. गोष्ट होऊन गेली, आता ती मागे पडली, एवढंच त्यातून सुचवायचं असतं. इंग्रजीतला ‘हॅड’ जास्त मागणी करतो. त्याला भूतकाळातला दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी ही गोष्ट घडली. ‘व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ आम्ही पोचलो हा एक क्षण, गाडी सुटली ती त्याच्याही आधी. असा दुसरा क्षण वाक्यात किंवा मागच्यापुढच्या बोलण्यात नसेल, तर ‘हॅड’ वाचून इंग्रजी वाचक थबकतो. भेटला होतात, मग पुढे काय झालं, असं त्याला वाटतं. आपल्या लोकांच्या इंग्रजी मेलमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तिची जुळी बहीण म्हणजे ‘आय हॅव सेन्ट द लेटर येस्टरडे’. मराठीत ‘मी काल पत्र पाठवलं आहे’ अगदी सहज खपतं. इंग्रजीत ‘हॅव’ आजच्याशी नातं सांगतो, म्हणून ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2019’ असा संपलेला वेळ त्याच्याबरोबर बसत नाही. वेळ सांगायचा असेल तर ‘आय सेन्ट इट येस्टरडे’. पत्र गेलंय, आता काळजी नको, एवढंच सांगायचं असेल तर ‘आय हॅव सेन्ट इट’. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

‘ही डिड नॉट वेन्ट’ हीसुद्धा मराठीतूनच येते. ‘गेला नाही’ यात आपला ‘गेला’ नकारातही भूतकाळातच राहतो. इंग्रजीत ‘डिड’ने काळ एकदा उचलला की पुढे मूळ रूप, ‘गो’. काळाची खूण एका वाक्यांगात एकदाच होते, एवढं धरून ठेवलं की ‘डिड ही केम?’ वगैरे आपोआप थांबतं.

पुरवणी प्रश्न

‘-ईडी’वाल्या क्रियापदांचं राहिलं. आणि ‘पुट’, ‘कट’सारख्यांचं काय?

उत्तर

रूप सारखं असलं तरी जागा सारखी नसते. संशय आला की त्या जागी ‘गेव्ह-गिव्हन’ किंवा ‘टुक-टेकन’ असं तिन्ही रूपं वेगळी असणारं क्रियापद घालून बघायचं. एक वाक्य घेऊ: ‘द लेटर्स डिलिव्हर्ड लेट वेअर रिटर्न्ड.’ पहिल्या वाचनात ‘पत्रांनी पोचवलं’ असं काहीतरी वाटून आपण अडखळतो. ‘डिलिव्हर्ड’च्या जागी ‘गिव्हन’ घाला: ‘द लेटर्स गिव्हन लेट वेअर रिटर्न्ड’. नीट बसलं. ‘गेव्ह’ घाला, बसत नाही. म्हणजे ते तिसरं रूप, नामाला चिकटलेलं. ‘उशिरा पोचवलेली पत्रं परत करण्यात आली’, इथेही ‘-लेली’च आली बघा. ‘रिटर्न्ड’च्या अलीकडे ‘वेअर’ आहे, तेव्हा तेही तिसरंच. त्या वाक्यात दुसरं रूप एकच, ‘वेअर’.

‘पुट’, ‘कट’, ‘हिट’, ‘शट’, ‘लेट’, ‘हर्ट’, ‘कॉस्ट’ यांची तिन्ही रूपं एकच. त्यांनाही हीच कसोटी लावा. ‘रीड’ लिहिताना बदलत नाही, पण उच्चार ‘रीड-रेड-रेड’. ‘कम-केम-कम’ आणि ‘रन-रॅन-रन’ यांत पहिलं आणि तिसरं सारखं. ‘आय हॅव केम’ असं तोंडात येतं ते त्यामुळेच. ‘बीट’चं दुसरं रूप ‘बीट’च, तिसरं ‘बीटन’.

ही अनियमित क्रियापदं साधारण दोनशेच्या आसपास असतील, पण रोजच्या वापरातली बहुतेक त्यांतच येतात: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, सी, टेक. जी रूपं सतत तोंडात असतात ती मोडत नाहीत, क्वचित लागणारी हळूहळू ‘-ईडी’कडे सरकतात. ‘हेल्प’चं तिसरं रूप पूर्वी ‘होल्पन’ होतं, 1611च्या इंग्रजी बायबलात ते सापडतं. आज ‘हेल्प्ड’. उलटंही घडतं. त्याच बायबलात ‘डिग’चा भूतकाळ ‘डिग्ड’ आहे, आज सगळे ‘डग’ म्हणतात. नवी क्रियापदं मात्र मुकाट्याने ‘-ईडी’ घेतात, ‘गूगल्ड’, ‘टेक्स्टेड’. आणि ‘वेन्ट’ तर मुळात ‘गो’चं नव्हेच. ‘सेन्ड-सेन्ट’ तसं ‘वेन्ड-वेन्ट’, या ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचा तो भूतकाळ. ‘गो’चा जुना भूतकाळ मागे पडला आणि त्याची जागा ‘वेन्ट’ने घेतली. ‘गॉन’ मात्र ‘गो’चंच राहिलं. तक्त्यात हे तीन शब्द एकमेकांचे वाटत नाहीत ते उगीच नाही.

पुरवणी प्रश्न

‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ यांत फरक काय? आणि ‘ले’ हे भूतकाळ की मूळ क्रियापद?

उत्तर

‘शी हॅज गॉन टू लंडन’ म्हणजे गेली आहे, अजून तिकडेच आहे किंवा वाटेत आहे. ‘शी हॅज बीन टू लंडन’ म्हणजे जाऊन आली आहे. समोर बसलेल्या माणसाबद्दल ‘ही हॅज गॉन टू लंडन’ म्हणता येणार नाही.

‘ले’ हे दोन्ही आहे आणि इथे इंग्रजी मातृभाषा असलेलेही घसरतात. स्वतः आडवं होणं म्हणजे ‘लाय’, त्याचं ‘लाय-ले-लेन’. दुसरी वस्तू ठेवणं, अंथरणं म्हणजे ‘ले’, त्याचं ‘ले-लेड-लेड’. खोटं बोलणं हेही ‘लाय’, पण त्याचं ‘लाय-लाइड-लाइड’. पडणं-पाडणं या जोडीसारखंच बघा. कर्म असेल तर ‘ले-लेड’, नसेल तर ‘लाय-ले’. ‘शी ले डाउन’ म्हणजे ती आडवी झाली, ‘शी लेड द बुक डाउन’ म्हणजे तिने पुस्तक ठेवलं. ‘लेन’ आता बोलण्यात फार येत नाही, लिहिताना मात्र लागतं.

अशीच आणखी एक फसवी जोडी ‘फाइन्ड-फाउन्ड’ आणि ‘फाउन्ड-फाउन्डेड’. पहिलं सापडणं, दुसरं स्थापन करणं. संस्था ‘वॉज फाउन्डेड’ होते. ‘वॉज फाउन्ड’ म्हटलं तर ती कुठेतरी सापडली असा अर्थ होईल.

‘गॉट’ की ‘गॉटन’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ओघाने सांगतो. ब्रिटिश इंग्रजीत तिसरं रूप ‘गॉट’. अमेरिकेत मिळवणं किंवा होणं या अर्थी ‘हॅव गॉटन’ आणि जवळ असणं या अर्थी ‘हॅव गॉट’, दोन्ही चालतात. ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’, ‘बर्न्ट’ आणि ‘बर्न्ड’ यांतही ‘-टी’वाली रूपं ब्रिटिश लेखनात जास्त दिसतात. तुम्हाला दोन्ही चालतील, फक्त एका लेखात एकच धरा. ‘लर्नेड’ असा दोन तुकड्यांत उच्चार केला तर मात्र तो वेगळा शब्द होतो. त्याचा अर्थ विद्वान.