'डुप्लिकेट' जनुकाला मराठीत काय म्हणायचं?

रावेरची मास्तरीण
शेतकऱ्यांच्या एका मासिकासाठी लेख लिहिला आहे: जीवाणूंमधली 'हीट शॉक' प्रथिनं (उष्णतेच्या धक्क्यानं वाढणारी) आणि त्यांची डुप्लिकेट झालेली जनुकं, म्हणजे एकाच जनुकाच्या जादा प्रती. प्रूफ हातात आलं तर सगळीकडे 'नकली जनुकं' करून ठेवलेलं! कपाशीच्या डुप्लिकेट बियाण्यानं ज्याचा हंगाम गेलाय त्यानं हे वाचलं, तर रायझोबियम या जिवाणू खताचं पाकीटच बनावट असतं असं धरून चालेल. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं सोडून देईल.

खरं तर मुद्दा उलटा आहे. आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूकडे ग्रो-ईएल या हीट शॉक प्रथिनाचं एकच जनुक असतं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमकडे सात आहेत. त्यातलं एक तापमान चढलं की कामाला लागतं. दुसरं एक गाठीत प्राणवायू कमी झाला की नत्र स्थिर करणाऱ्या जनुकांसोबत जागं होतं. यात नकली काय आहे? शब्द सुचवा. 'प्रतिकृती' नको, तो डीएनएच्या रेप्लिकेशनसाठी रुळलाय.

चोपडेकर
ताई, 'दुबार' घ्या. दुबार जनुक. आपल्याकडे कोणालाही समजेल.

तापीकाठ
समजेल, पण चुकीचं समजेल. दुबार पेरणी कधी करतो आपण? पहिली मोडली की. इथे पहिलं जनुक जागच्या जागी असतं, म्हणून तर दुसऱ्याला बदलायला मोकळीक मिळते.

भाषाप्रेमी धुळे
'द्विरुक्त जनुक' हा निर्दोष शब्द आहे. व्याकरणातून आलेला, कोणत्याही बाजारू अर्थानं न विटाळलेला. डुप्लिकेट, कॉपी, डबल हे किती दिवस चालवायचं? शेतकऱ्याला संस्कृत शब्द कळत नाहीत हा शहाण्यांचा समज आहे. पंचनामा, अनुदान, दुष्काळ हे तो रोज बोलतो.

चोपडेकर
पंचनामा निम्मा फारसी आहे, भाऊ.

रावेरची मास्तरीण
'द्विरुक्त'ला माझी हरकत वेगळी आहे. हळूहळू, घरोघरी यांत दोन्ही भाग तेच काम करतात. जनुकांचं तसं राहत नाही. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७० मध्ये मांडलं ते हेच: एक प्रत जुनं काम सांभाळते, म्हणून दुसरीतले बदल जीवावर बेतत नाहीत. बहुतेक वेळा ती दुसरी कुजून निकामी होते. काही वेळा दोघी काम वाटून घेतात. क्वचित दुसरीला नवंच काम सापडतं. क्षयाच्या जंतूत ग्रो-ईएलची दोन जनुकं आहेत. त्यातल्या दुसऱ्यावाचून जंतू जगत नाही. त्याच्याच कुळातल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या एका जीवाणूत पहिलं काढून टाकलं तर तो जगतो, पण त्याला एकमेकांना चिकटून नीट थर (बायोफिल्म) धरता येत नाही.

आणखी एक अडचण. जीवाणू एकमेकांकडून जनुकं घेतात. जास्तीचं जनुक घरातच दोनदा उतरलं की बाहेरून आलं, हे प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं. बाहेरून आलेल्याला 'द्विरुक्त' कसं म्हणणार?

तापीकाठ
मग 'जोडजनुक' म्हणा. पण 'हीट शॉक'ला काय केलंत?

रावेरची मास्तरीण
'उष्माघात प्रथिन'.

यावलचा वैद्य
हे मुळीच नको. उष्माघात म्हणजे माणूस दगावतो तो. घात म्हणजे नाश. हे प्रथिन तर वाचवणारं.

भाषाप्रेमी धुळे
घात नव्हे, आघात. पक्ष अधिक आघात, पक्षाघात. तसंच उष्म अधिक आघात. म्हणजे धक्काच झाला की, मूळ इंग्रजीला चपखल.

यावलचा वैद्य
उष्मा अधिक घात केलं तरी 'उष्माघात'च होतं. संधीवरून निकाल लागत नाही. मे महिन्यात माझ्या दारात माणसाला खाटेवर घालून आणतात तेव्हा कोणी आघात म्हणत नाही.

साक्री
आमच्याकडे उष्माघात पेपरातच. मन्ही माय म्हने, "पोऱ्याले ऊन लागनं." उन्हाया म्हटला की एवढंच. 'झळ' का नको? झळ-प्रथिन. दोन अक्षरं, अहिराणीतही चालेल.

रावेरची मास्तरीण
झळ मला मनापासून आवडला. पण ही प्रथिनं मद्यार्कानं, जड धातूंनीही वाढतात. आणि ई. कोलायला ग्रो-ईएल थंड तापमानातही लागतंच, त्याच्यावाचून तो वाढत नाही. 'हीट' हे नाव पडलं ते योगायोगानं. रितोसा या शास्त्रज्ञांच्या उबवणपेटीचं तापमान चुकून वाढलं आणि फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे दिसले; त्या फुगवट्यांबद्दल त्यांनी १९६२ मध्ये लिहिलं. तेव्हा ही प्रथिनं कोणाला माहीतही नव्हती.

तापीकाठ
तर मग कामावरून नाव द्या. दुसरं प्रथिन घडी घालत असताना त्याला भलत्याशी चिकटू न देणं, हेच काम ना? इंग्रजीत शॅपरोन म्हणतात. आपल्याकडे पाठराखीण आहे.

रावेरची मास्तरीण
पाठराखीण! ग्रो-ईएलचं रूप पाहिलं तर आणखी पटतं. सात-सात घटकांची दोन कडी पाठीला पाठ लावून, वर ग्रो-ईएस या जोडीदार प्रथिनाचं झाकण. न घडलेलं प्रथिन आत घेऊन झाकण लावायचं, घडी बसेपर्यंत बाहेरच्या गर्दीचा स्पर्श नाही. सोयाबीनच्या जीवाणूकडे सात पाठराखिणी, गाठीतली वेगळी, उन्हातली वेगळी. वाक्य आपोआप लिहून होतं.

साक्री
आमच्याकडे नवरीसोबत जाते ती करवली.

यावलचा वैद्य
करवली वराची बहीण. ती नवरीसोबत जाणार कशाला?

साक्री
आमच्या पट्ट्यात नवरीकडच्या मुलीलाही म्हणतात. लग्नात कानांनी ऐकलंय.

भाषाप्रेमी धुळे
ऐकलेलं सगळं प्रमाण मानलं तर 'नकली जनुक'ही प्रमाणच ठरेल.

चोपडेकर
साक्रीचं बरोबर आहे. शिरपूरकडे मीही ऐकलंय. पाठराखीण मात्र आमच्या घरात बहुतेक वेळा आजीच असायची, पोरगी नव्हे. लेवा मंडळींकडे कशी प्रथा आहे, कोणी सांगेल का?