गोल्फमधल्या नवशिक्याने जुना ब्लेड पटर घ्यावा की मॅलेट?

करवीरकर
आपल्यात नवा गडी खेळायला आला की पटरबद्दल, म्हणजे बॉल होलकडे गडगडवायच्या क्लबबद्दल, चार जण त्याला पहिलं हेच सांगतात, "मोठ्या डोक्याचा मॅलेट घे, चुका झाकतो." माझं म्हणणं नेमकं उलट आहे. सुरुवातीची एक-दोन वर्षं जुना ब्लेडच वापरावा, म्हणजे पातळ पट्टीसारख्या डोक्याचा पटर. पितळी बुल्सआय म्हणा, नाहीतर विल्सन कंपनीच्या ८८०२ च्या घडणीचा. निवृत्त फौजी अधिकाऱ्यांच्या बॅगांमधून असे पटर अजून निघतात.

ब्लेडवर बॉल मधोमध बसला तर हाताला काही जाणवतच नाही, नुसता बारीक 'टक्' ऐकू येतो. तोच अर्धा इंच टोकाकडे लागला की ग्रिपमध्ये झिणझिणी येते, डोकं पिळतं आणि बॉल होलच्या अलीकडेच दम सोडतो. चूक जागच्या जागी कळते. मॅलेटवर तोच फटका बरा वाटतो, आणि वर्षानुवर्षं माणूस तसाच मारत राहतो. बेन क्रेनशॉ या गोल्फरने १९८४ ची मास्टर्स स्पर्धा ८८०२ नेच जिंकली. फिल मिकेल्सनही बराच काळ त्याच घडणीच्या पटरने खेळला. दोघांच्या हातांचं कौतुक उगाच होत नाही.

पंचगंगेपल्याड
दादा, ते दोघे रोज तासन्‌तास पटिंग करणारे. आपण रविवारी सकाळी नऊ होल खेळून घरी पळणारी माणसं. चूक कळली तरी ती घोटून सुधारायला वेळ कुणाकडे आहे? आणि जगात एक नंबरला असलेल्या माणसालाही मॅलेटची मदत घ्यावीशी वाटली. स्कॉटी शेफलर मार्च २०२४ मध्ये ब्लेड ठेवून मॅलेटवर आला आणि त्याच आठवड्यात अर्नोल्ड पामर इन्व्हिटेशनल जिंकला. पाठोपाठ प्लेयर्स, मग मास्टर्स. नवशिक्याच्या हातात अवघड हत्यार देऊन त्याचा हुरूप घालवू नका.

राजारामपुरी_बर्डी
मग टायगर वुड्सचं काय? त्याच्या पंधराच्या पंधरा मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, ब्लेडवरच आहेत की!

उद्यमनगर_टर्नर
टायगरचा पटर ब्लेडच हाय, खरं बुल्सआयच्या जातीचा न्हाई. त्याचा न्यूपोर्ट हा पिंग कंपनीच्या अॅन्सर पटरच्या कुळातला. कार्स्टन सोल्हाइम म्हणून जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर होते, त्यांनी १९६६ मध्ये अॅन्सर काढला. त्यात डोक्याचं वजन मधून काढून हील (दांड्याकडचं) आणि टो (पलीकडचं) अशा दोन टोकांना नेलं. वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं की पिळायला होणारा विरोध चौपट होतो, हे आपल्याकडं फ्लायव्हील बनवणाऱ्या कुणालाबी म्हाईत हाय. मॅलेटमध्ये तेच वजन मागंबी नेत्यात. म्हणजे टायगरचा पटर या दोघांच्या मधला. करवीरकर म्हणत्यात त्या जुन्या पट्टीला ही सोयच न्हाई.

अजून एक. डोक्याचा आकार बघायच्या आधी शाफ्ट, म्हंजे दांडा, एका बोटावर आडवा तोलून बघा. फेस, म्हंजे बॉलला लागणारी बाजू, आभाळाकडं राहिला तर पटर सरळ मागं-पुढं जाणाऱ्या हाताचा. टो खाली लोंबला तर कमानीत फिरणाऱ्या हाताचा. ८८०२ चा शाफ्ट हीलला बसवलेला असतो, त्यामुळं टो चांगलाच खाली जातो. सरळ स्ट्रोकवाल्याच्या हातात तो दिला तर फेस उघडा राहतो आणि बॉल उजवीकडं जातो. मग तो बिचारा स्ट्रोक बिघडला म्हणून महिनाभर झगडत बसतो. सरसकट सगळ्या नवशिक्यांना ब्लेड, हे मला पटत न्हाई. सगळ्यांना मॅलेट, हेबी न्हाई.

शाहूपुरीची_ताई
सगळे वजनावर बोलताय, लॉफ्टचं, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे त्याचं, कुणीच काढलं नाही. आपल्या पावसाळ्यात ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या पट्ट्यातलं, बर्म्युडा गवत ओलं आणि वाढलेलं असतं. बॉल त्यात जरासा रुतून बसतो. त्याला आधी खळग्यातून वर काढावं लागतं, मग तो गडगडतो. पूर्वी ग्रीन असेच संथ असायचे, म्हणून पटरला लॉफ्टही जास्त असायचा. आजच्या पटरला तो तीन-चार अंश असतो. मी जून ते सप्टेंबर जुना ब्लेड वापरते, कारण बॉल गवतातून स्वच्छ निघतो. ग्रीन बारीक कापले गेले की त्याच लॉफ्टमुळे बॉल सुरुवातीला उडी मारतो, तेव्हा तो बॅगेत जातो. हंगाम न बघता कुठलाही एकच पटर चांगला म्हणणं मला मान्य नाही.

पंचगंगेपल्याड
ताई, मग मॅलेटचाच लॉफ्ट वाढवून घेता येईल की.

उद्यमनगर_टर्नर
सगळ्यांचा न्हाई. कितीतरी मॅलेटमध्ये शाफ्ट थेट डोक्यात बसलेला असतो, वाकवायला गळाच न्हाई. पितळी ब्लेडचा गळा मऊ. व्हाइसच्या जबड्यांना तांब्याचा पत्रा लावायचा, बेव्हल प्रोट्रॅक्टर फेसवर ठेवायचा आणि दमादमानं दाब द्यायचा. एक-दोन अंश बिनघोर मिळतात. घाई केली तर मात्र गळ्याला चीर जाते.

करवीरकर
टर्नरभाऊ, बोटावर तोलून बघायचं मान्य. हात कमानीत फिरत असेल त्यालाच ८८०२ द्यावा, बाकीच्यांना बुल्सआय. पण ब्लेडचा आग्रह मी सोडत नाही. फेसला खडूची पूड लावा आणि सहा फुटांवरून ओळीने पट मारा. ठसे कुठे उठतात ते स्वच्छ दिसतं. ब्लेडवर शिकणाऱ्याचे ठसे हळूहळू एका जागी गोळा होतात, कारण विखुरले तर बॉल पोचतच नाही.

पंचगंगेपल्याड
सहा फुटांवर माझंही काही म्हणणं नाही. माझा आक्षेप तीस फुटांवर आहे. तिथे फटका जरा बाहेर लागला की ब्लेडचा बॉल पाच-सहा फूट आखूड राहतो आणि थ्री-पट, म्हणजे होलमध्ये घालायला तीन पट, तिथेच होतो. नवा माणूस कंटाळतो तोही तिथेच. दोन पटर ठेवा म्हणाल, तर नियमाने बॅगेत चौदाच क्लब. कुठला काढायचा?

शाहूपुरीची_ताई
थ्री आयर्न, म्हणजे तो लांब पल्ल्याचा लोखंडी क्लब, काढा. नवशिक्याला तो तसाही उचलत नाही. मी तेच केलंय.