टिल्डन विरुद्ध हेज, १८७६ : ओरेगॉनच्या एका मताचं कोडं सुटत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी वाचनमंडळात बोलायची पाळी माझी आहे. विषय मीच निवडलाय : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची १८७६ची निवडणूक, डेमोक्रॅट टिल्डन विरुद्ध रिपब्लिकन हेज. तयारीही बरीच झालीये, पण एका जागी अडलेय.

देशभरात टिल्डनना हेजपेक्षा सुमारे अडीच लाख मतं जास्त मिळाली. पण राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांनी. ती टिल्डनकडे १८४, आणि जिंकायला हवी होती १८५! हेजकडे १६५. उरलेली २० वादात : लुइझियाना ८, साउथ कॅरोलायना ७, फ्लोरिडा ४, ओरेगॉन १. टिल्डनना त्यातलं एक पुरलं असतं, हेजना वीसच्या वीस हवी होती. वहीत ही बेरीज मी तीनदा करून पाहिली. शेवटी तिथल्या संसदेने १५ जणांचा आयोग बसवला (८ रिपब्लिकन, ७ डेमोक्रॅट) आणि चारही राज्यांची मतं ८ विरुद्ध ७ अशी हेजना गेली.

फ्लोरिडाबद्दल आयोग म्हणाला, राज्याने जाहीर केलेला निकाल आम्ही पुन्हा तपासत बसणार नाही. बरं. ओरेगॉनात हेजचे तीन निर्वाचक निवडून आले, पण त्यातले वॉट्स पोस्टमास्तर. केंद्राचं लाभाचं पद असलेल्याला निर्वाचक होता येत नाही, म्हणून डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रोव्हरनी त्या जागी हरलेल्या डेमोक्रॅट क्रोनिनना प्रमाणपत्र दिलं. गव्हर्नरच्या सहीचा तो कागद आयोगाने बाजूला सारला. मग फ्लोरिडाला एक न्याय आणि ओरेगॉनला दुसरा, असं नाही का झालं? 'लबाडी झाली' म्हणून मला मोकळं व्हायचं नाहीये. तेव्हा कायद्याचा युक्तिवाद काय केला होता, तो हवाय.

प्रतिसाद

ताई, राज्याचा निकाल आणि गव्हर्नरचं प्रमाणपत्र तुम्ही एकच धरताय, गाठ तिथे बसलीये. ओरेगॉनच्या कायद्याने मतमोजणीचा निकाल काढायचं काम राज्याच्या सचिवाचं होतं, आणि त्याच्या मोजणीत तिघेही हेजचेच होते. आयोगाने ती मोजणी प्रमाण मानली. प्रमाणपत्र तिच्याशी जुळत नव्हतं, म्हणून ते गेलं. वॉट्सनी पोस्टमास्तरकी सोडली, निर्वाचकपदही सोडलं आणि मग उरलेल्या दोघांनी रिकाम्या जागेवर त्यांनाच पुन्हा घेतलं. मला हा युक्तिवाद पटतो. न पटणारी गोष्ट एवढीच, की निर्णायक मतदानात १५ जणांपैकी एकानेही पक्षाची रेघ ओलांडली नाही.

एक विनंती. दक्षिणेकडच्या राज्यांसाठी वेळ राखून ठेवा. 'टिल्डनची निवडणूक चोरली' एवढंच सांगितलंत तर कृष्णवर्णीय मतदारांना मारून, धमकावून मतदानापासून लांब ठेवलं होतं, हे झाकलं जाईल. जुलै १८७६मध्ये साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय सैनिकांना पकडून गोळ्या घातल्या. हेज राष्ट्राध्यक्ष झाले आणि एप्रिल १८७७मध्ये त्याच राज्याच्या विधानभवनातून, कृष्णवर्णीय मतदारांचा आधार असलेले केंद्राचे सैनिक निघून गेले.

धागाकर्ती

खूप आभार, गाठ सुटली. भाषणाची सुरुवात आता हॅम्बर्गपासूनच करते.