शब्दचर्चा: पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा, पण रात्री नीट झोपणारा, याला काय म्हणाल?

नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय. दोन-तीन दिवसांचा ट्रेक, सगळं सामान स्वतःच्या पाठीवर, मुक्काम डोंगरातच. काही जणांना याचं वेडच लागतं. दर हिवाळ्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड नाहीतर राजगड-तोरणा असला एखादा रेंज ट्रेक झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, पण त्याचबरोबर रात्री अंगाखाली जाड मॅट लागते, डोक्याखाली उशी लागते, सकाळी आलं घातलेला चहा लागतो आणि हे सगळं ते कुरकुर न करता स्वतःच वाहून नेतात. बॅकपॅकर म्हणावं तर आपल्याकडे हॉस्टेलात राहून स्वस्तात देश फिरणारं पोरगं डोळ्यासमोर येतं. ट्रेकर म्हणावं तर सकाळी चढून रात्री घरी येणाराही ट्रेकरच. सुखासीन तर अजिबात नको, भरलेली सॅक घेऊन टोलार खिंड चढणारा माणूस सुखासीन कसा?

प्रतिसाद:
मुक्कामी ट्रेकर. आमच्या ग्रुपमध्ये हेच म्हणतात. मुक्कामी एसटी असते ना, रात्री गावात थांबून पहाटे निघणारी, तसाच. वन डे वाला वेगळा, मुक्कामी वेगळा.

प्रतिसाद:
मुक्कामी छान आहे पण त्यात आरामाचा भाग येत नाही. आणि खरं सांगू का, उशी वगैरेला माझ्या मते चोचलेच म्हणतात. आम्ही देवळात, गुहेत पथारी पसरून झोपायचो, एक घोंगडी अर्धी खाली अर्धी वर. डोंगरात जायचं तर पाठीला दगड लागायचाच.

प्रतिसाद:
घोंगडीबद्दल आदर आहेच, पण वरच्या प्रतिसादाशी मी सहमत नाही आणि जरा सविस्तर लिहितो. चोचले म्हणजे ज्याच्यावाचून काही अडत नाही ते. डिसेंबरात गुहेतली फरशी अंगातली ऊब रात्रभर शोषून घेते, आणि स्लीपिंग बॅग कितीही भारी घ्या, तिचा खालचा भाग आपल्याच वजनाने दबतो, आतली हवा निघून जाते आणि तो भाग ऊब धरतच नाही, म्हणून खाली मॅट लागते. मॅट नसली की झोप नाही, आणि झोप नाही की दुसऱ्या दिवशी उतारावर गुडघे लटपटतात. याला चोचले नाही, सोय म्हणतात. गैरसोय हा शब्द आपण रोज वापरतो, मग सोय म्हणायला लाजायचं कशाला?

दुसरं म्हणजे ट्रेक हा शब्दच बघा. तो इंग्रजीत आला दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांकडून, मूळ अर्थ ओढणं. १८३० च्या दशकात केप वसाहत सोडून ही माणसं बैलगाड्यांत अख्खं घर भरून आत सरकली, त्या प्रवासाला ते ट्रेक म्हणायचे. म्हणजे हालअपेष्टा पुष्कळ होत्या, पण संसार बरोबर होता. आपले जुने ट्रेकर्स पाठीवरच्या सॅकला हॅवरसॅक म्हणायचे, तो शब्दही जर्मनमधून आलाय, घोडदळातल्या घोड्यांच्या ओटची पिशवी. थोडक्यात काय, मुक्कामाला पोटभर मिळावं म्हणून बरोबर घेतलेली पिशवी.

प्रतिसाद:
धागाकर्त्यांनी शीर्षकात बिऱ्हाड लिहिलंय तेच पुढे न्या की. बिऱ्हाडी भटक्या!

प्रतिसाद:
बिऱ्हाडी नको, बिऱ्हाडकरू म्हणजे भाडेकरू, लोक तिकडेच जातील. शिवाय विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण ज्याचं एका जागी बस्तान नाही, चंबूगबाळं उचललं की निघाला, अशा माणसासाठी वापरतो. धाग्यातल्या माणसाचं घर पक्कं आहे, तो सोमवारी ऑफिसला जातो.

प्रतिसाद (धागाकर्ता):
हे पटलं. आणि सोय-चोचल्यांच्या वादावर मला वाटतं ओझं कोण उचलतं यावर सगळं आहे. हिमालयात हल्ली पैसे भरून सॅक खेचरावर देतात, त्याला ऑफलोड करणं म्हणतात. वारीतही दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं, तंबू, भांडी, वळकट्या सगळं, आणि ते योग्यच आहे कारण तिथे चालणं हीच सेवा. पण मी विचारतोय तो माणूस उशीचं वजन स्वतः सोसतो. सह्याद्रीत तर उन्हाळ्याकडे गडावरची बरीच टाकी आटतात, चार-पाच लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो आधीच पाठीवर, त्यात स्टोव्ह आणि चहाचं सामान. एवढं करून जो तिथे बसून निवांत चहा पितो त्याचं डोंगरावरचं प्रेम मला कुणापेक्षा कमी वाटत नाही. उलट त्याला तिथून परतायची घाई नसते.

आणि स्टोव्ह नेणं आता गरजेचंच आहे, हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे चुलीसाठी सरपण तोडायचं नाही.

प्रतिसाद:
मग निवांत भटक्या? कट्टर निवांत भटक्या! ऐकायला विचित्र वाटेल पण कट्टर आणि निवांत दोन्ही खरंय.

बाकी धाग्यात "चैन पडत नाही" लिहिलंयत, तिथली चैन म्हणजे स्वस्थता, आणि चैन करणं म्हणजे मौज. शब्द तोच. त्यामुळे चैनी म्हटलं तरी मी वाईट अर्थ घेणार नाही.

प्रतिसाद:
थोडं अवांतर. मुक्कामी लोकांनी शिधा आणि शिदोरी यात गल्लत करू नये, परवा एका ट्रेकच्या मेसेजमध्ये "सर्वांनी शिधा आणावा" वाचून निम्मी मंडळी पोळीभाजी घेऊन आली. शिधा म्हणजे कोरडा, तांदूळ-डाळ-पीठ, तिथे जाऊन शिजवायचा. शिदोरी म्हणजे घरून बांधून आणलेलं तयार खाणं. शिदोरीत दशम्या न्या, दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात, दुसऱ्या दिवशीही चटणीबरोबर चालतात. आणि गोष्टीतल्या राजपुत्राला आई तहानलाडू-भूकलाडू बांधून द्यायची, त्याला तेव्हा कुणी चोचले म्हटलं नव्हतं.