छोट्या व्हिडिओंनी विज्ञान कळतं, की कळल्यासारखं वाटतं?

विज्ञानाच्या बाई

नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ लावायचा आणि धडा झाला म्हणायचं, ही पद्धत आपल्याकडे फार वाढलीय. माझ्या मते यात मुलांचं नुकसान होतंय, आणि व्हिडिओ अगदी अचूक असला तरी होतंय.

आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात. वर्गात यावरचा एक व्हिडिओ दाखवला. पृथ्वीचा कललेला अक्ष, सूर्याचं दक्षिणेकडे सरकणं, सगळं नीट दाखवलेलं. "कळलं का?" "हो बाई!" मग विचारलं, वर्षातून दोनदा का? आणि याच तारखांना का? वर्ग चिडीचूप. एक चांगली अभ्यासू मुलगी म्हणाली, थंडीत पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून. खरं तर जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर. तिनं व्हिडिओ मन लावून पाहिला होता, तरी डोक्यातली आधीची समजूत जागची हलली नाही.

डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात 2008 मध्ये पीएचडी केली ती नेमकी यावर. पुढे यूट्यूबवर 'व्हेरिटॅसियम' हे विज्ञानाचं चॅनल काढलं तेच हे. सरळ, स्वच्छ समजावणारे व्हिडिओ पाहिलेली मुलं म्हणाली, सोपं होतं, छान कळलं. पण परीक्षेत गुण जवळपास पहिल्याइतकेच. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत बोलून दाखवली होती, मग तिच्यावर वाद घातला होता. ती मुलं म्हणाली, गोंधळ उडाला. गुण मात्र त्यांचे वाढले. म्हणून 'सोप्या' व्हिडिओची मला काळजी वाटते.

उद्यमनगर

बाई, मान ठेवून सांगतो, हे शहरातल्या शाळेचं बोलणं झालं. माझी भाची शाहूवाडीकडं शिकते. तिथं प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली कुणाकडं असते ते कुणालाच ठाऊक नाही. सोडियम पाण्यात टाकल्यावर काय होतं ते त्या पोरींनी कुठं बघायचं? 1971 साली डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबर खाली आली. मिनिटभराचा व्हिडिओ आहे. लई मोठी गोष्ट आहे ती, आणि कुठल्याच शाळेत करून दाखवता येत नाही.

माझंच सांगतो. फौंड्रीत काम करतो. स्टीलच्या कास्टिंगमध्ये आत पोकळी यायची, मिस्त्री म्हणायचे रायझर, म्हणजे साच्याला जोडलेला जादा रसाचा साठा, मोठा ठेव. का ठेवायचा ते कुणी सांगितलं नाही. एका व्हिडिओत बघितलं: धातू थिजताना आकसतो, रायझरमधला रस सगळ्यात शेवटी थिजला तरच तो आत भर घालतो. आयटीआयला जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथं शिरलं.

विज्ञानाच्या बाई

दादा, तुमच्या हातात पोकळीवालं कास्टिंग होतं. 'का' हा प्रश्न तुम्हाला छळत होता, मग व्हिडिओ आला. माझ्या वर्गात उत्तर आधी येतं आणि प्रश्न कधी येतच नाही. आपण वेगळं बोलत नाही आहोत.

अकरावी सायन्स

वेगळंच बोलताय बाई. मी मराठी माध्यमातून आले. अकरावीत सगळं इंग्रजीत सुरू झालं. क्लासमध्ये ऐंशी मुलं, सरांना परत सांगा म्हणायची सोय नाही. व्हिडिओ थांबवता येतो, मागं नेता येतो, रात्री अकरालाही. बलाची दिशा आणि वेगाची दिशा वेगळी असू शकते हे मला तसंच कळलं, आणि ते कळल्यासारखं वाटणं नव्हतं, कारण नंतर गणितं सुटली. प्रश्न आधी विचारावा हे बरोबर आहे. पण आम्हाला वर्गात तो विचारतं कोण? ज्यांना तुमच्यासारख्या बाई मिळाल्या नाहीत त्यांच्याकडून व्हिडिओपण काढून घ्यायचा का?

आणि सगळे व्हिडिओ नुसते बघायचे नसतात. अरविंद गुप्तांचे बघा. काड्यापेटी, स्ट्रॉ, जुन्या सीडीची खेळणी, एक-दोन मिनिटांत करून दाखवतात, मराठीतही आहेत, फुकट आहेत. ते पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, तिथल्या मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करायचे, आणि आयुका उभी करणारे नारळीकर सर जन्मले आपल्या कोल्हापुरात. ते व्हिडिओ बघून माझ्या धाकट्या भावानं घरी छोटी विजेची मोटार करून फिरवली.

पाटबंधारे, निवृत्त

मुलीचा मुद्दा पटला, तरी लांबीबद्दल बोललंच पाहिजे. दरवर्षी पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तीस सेकंदांचे व्हिडिओ फिरतात. धबाबा पाणी, वर संगीत. खाली कुणी लिहितं सेन्सर बसवलेत, कुणी लिहितं आता वरून बटण दाबलं. दरवाजे सात आहेत आणि धरण भरलं की पाण्याच्याच जोरावर उघडतात, विजेशिवाय. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणावर शिकण्यासारखं सर्वांत मोठं काही असेल तर हे आहे: पाण्याची उंची वाढली की दाब वाढतो, आणि दाबाचा तोल ढळला की लोखंड हलतं. हे समजावायला कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास बसावं लागतं. तीस सेकंदांत फक्त पाणी दिसतं.

कसबा बावड्याची आई

माझ्या घरात प्रश्न अजून खालचा आहे. विज्ञानाचा व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप नाचाचा लागतो. पोरगं तासानं बाहेर येतं आणि म्हणतं अभ्यास केला. यावर कुणी बोलत नाही.

विज्ञानाच्या बाई

ताई, म्हणूनच मी म्हणते, फोन मुलाच्या हातात द्यायच्या आधी वहीत काहीतरी लिहिलेलं असावं. 'मला वाटतं असं होईल.' मग व्हिडिओ अर्ध्यात थांबवायचा, ताडून बघायचं.

किरणोत्सवाचं आता असं करणार आहे. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवायची आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजायची. कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तरेला. त्या हिशोबानं 10 नोव्हेंबरला सावली 67 सेंटिमीटरच्या आसपास येते, 22 डिसेंबरला 84 आणि 1 फेब्रुवारीला पुन्हा 67. तीन आकडे शेजारी लिहिले की दोनदा का आणि याच तारखांना का, हे मुलंच सांगतील. सावली सारखी म्हणजे सूर्य तितकाच दक्षिणेला, म्हणजे मावळतोही त्याच जागी. 22 डिसेंबरपासून दोन्हीकडं जवळपास सारखेच दिवस. व्हिडिओ त्यानंतर लावेन.

उद्यमनगर

बेस्ट आहे हे. पण शून्य सावलीचा दिवस कसा दाखवणार? कोल्हापुरात सूर्य डोक्यावर येतो मेच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. परत येतो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन नसतं. तिथं व्हिडिओच लागणार. आणि काठी रोवायला बाई पाहिजेत, व्हिडिओला नकोत. शाहूवाडीच्या त्या शाळेत विज्ञानाला शिक्षकच आलेले नाहीत.

विज्ञानाच्या बाई

शून्य सावलीचं मान्य, तो व्हिडिओ मीही लावते. शिक्षक नसलेल्या शाळेबद्दल मात्र मी मागं हटणार नाही. तिथं व्हिडिओ पुरतो असं आपण म्हणू लागलो, तर ती जागा भरायला कोण येईल? भाचीला काठीचं सांगा. नोव्हेंबरचा आकडा तिनं कळवला तर माझ्या वर्गाच्या आकड्याशेजारी फळ्यावर लिहीन.

अकरावी सायन्स

जागा भरेपर्यंत ती दहावी होऊन गेलेली असेल, बाई. दादा, तिला काठीपण सांगा आणि लिंकपण पाठवा.